कामावर जाण्यासाठी घेतलेली गोळी

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोरचं मेडिकल सकाळी सातला उघडतं. पहिल्या अर्ध्या तासात तिथे येणारी बहुतेक गिऱ्हाइकं दवाखान्यात जाणारी नसतात, कामावर निघालेली असतात. मार्केट यार्डातला हमाल, गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहणारी बाई, रात्रपाळी संपवून दुसऱ्या ड्यूटीवर निघालेला वॉचमन, दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या शिक्षिका. मागणी ठरलेली असते. "कंबरेच्या दोन द्या." "ती कालचीच, पिवळ्या पाकिटातली." "डोक्याची एक, आणि सोबत पित्ताची पण द्या." दुकानदार मागच्या खणातून पट्टी काढतो, कात्रीने दोन गोळ्या कापून काउंटरवर ठेवतो, पैसे घेतो. या सगळ्या व्यवहारात औषधाचं नाव कुणीच उच्चारत नाही. गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसतं आणि दुकानदाराला कुणी विचारत नाही.

आजचं हे व्याख्यान त्या न उच्चारलेल्या नावाबद्दल आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आधी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि पुढे चाळीस वर्षं त्यांनी स्वतःचं औषधांचं दुकान चालवलं. दुकान झालं तरी गाव त्यांना शेवटपर्यंत कंपाउंडर म्हणूनच ओळखत राहिलं. सुरुवातीच्या काळात त्यांच्या टेबलावर काचेच्या तीन बरण्या असत. एकीत सल्फाच्या गोळ्या, दुसरीत सोडामिंट, तिसरीत एपीसी. डोकं दुखलं की एपीसी, कणकण आली की एपीसी, पेरणीच्या दिवसांत पाठ धरली तरी एपीसी. ॲस्पिरिन, फिनॅसेटिन आणि कॅफिन या तीन नावांची आद्याक्षरं जोडून ते नाव तयार झालं होतं. गोळी स्वस्त होती, तिने दुखणं थांबायचं, आणि तिच्यात काही वावगं असेल अशी शंका कुणाच्या मनाला शिवत नव्हती.

शंका पहिल्यांदा आली ती युरोपात, आणि तीही कामगारांच्या वस्त्यांत.

स्वित्झर्लंडमध्ये १९५३ साली स्प्यूलर आणि झोलिंगर या दोन डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. या आजारात मूत्रपिंडाचा आतला भाग हळूहळू सुजतो, कडक होतो आणि शेवटी आकसतो. रुग्णाला बरीच वर्षं काही जाणवत नाही. अशा रुग्णांपैकी अनेकांना वेदनाशामकं रोज घ्यायची सवय असल्याचं दिसून आलं. घड्याळांच्या कारखान्यांत डोळ्याला भिंग लावून, मान वाकवून, बारीक चाकं आणि स्क्रू जोडत बसणाऱ्या माणसांत ही सवय चांगलीच रुजलेली होती. मान अवघडे, डोकं ठणके, हात थांबवणं परवडत नसे, म्हणून गोळी.

स्वीडनमधल्या हुस्कवार्ना या गावची हकीकत याहून बोलकी आहे. गावात शस्त्रांचा मोठा कारखाना होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथल्या डॉ. योर्टन यांनी एक पूड तयार करून दिली. तिच्यात फिनॅसेटिन, फेनाझोन आणि कॅफिन होतं. साथ ओसरली, पण पूड गावात राहिली. ती घेतली की अंग हलकं वाटतं, हात भरभर चालतो, पाळी सहज निघते, असा कामगारांचा अनुभव होता. त्यात कॅफिनचा वाटा किती आणि दुखणं थांबल्याचा किती, हे पाहायला कुणाला फुरसत नव्हती. तापासाठी दिलेलं औषध बघता बघता चहासारखं रोजचं झालं. काही दशकांनी गावात मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं मरू लागली, तेव्हा कुर्ट ग्रिमलुंड या डॉक्टरांनी कसून तपास केला आणि १९६३ मध्ये त्या पुडीकडे बोट दाखवलं.

बासेलच्या उलरिश डुबाख यांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासाचा इथे मुद्दाम उल्लेख करायला हवा, कारण त्यात सगळ्या बायका होत्या. कारखान्यांत काम करणाऱ्या, ३० ते ४९ वयाच्या. कोण किती गोळ्या घेतं हे विचारून खरं कळत नाही, म्हणून त्यांची लघवी तपासण्यात आली. फिनॅसेटिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते लघवीत उतरतं, आणि तिथे लपवाछपवी चालत नाही. नियमित घेणाऱ्या ६२३ आणि न घेणाऱ्या ६२१ अशा दोन गटांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९९१ मध्ये निष्कर्ष छापून आले. मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या आजारांनी, कर्करोगाने आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू घेणाऱ्या गटात जास्त होते. अभ्यास सुरू झाला त्या दिवशी या सगळ्या बायका धडधाकट होत्या.

ऑस्ट्रेलियात हेच मिश्रण कागदाच्या छोट्या पुड्यांतून विकलं जाई आणि कामाने थकलेल्या गृहिणी ते चहाबरोबर घेत. तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञ प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी या पुड्या आणि निकामी होणारी मूत्रपिंडं यांचा संबंध पुराव्यानिशी मांडला आणि विक्रीवर निर्बंध यावेत म्हणून वर्षानुवर्षं झगडा दिला. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाने अशा मिश्रणांच्या खुल्या विक्रीला आळा घातला. अमेरिकेने १९८३ मध्ये फिनॅसेटिन बाजारातून काढलं, आणि त्याच वर्षी भारतानेही त्यावर बंदी घातली. कंपाउंडरांनी तिसरी बरणी उचलून आत ठेवली. तोवर ती गोळी नित्यनेमाने घेऊन गेलेल्या माणसांची मोजदाद त्यांच्या गावात कुणी केली नव्हती. बंदीनंतरही गिऱ्हाईक तेच राहिलं. त्याची कंबरही तशीच दुखत राहिली.

फिनॅसेटिनच्या जागी ज्या गोळ्या आल्या त्या नेमकं काय करतात, हे समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं होतं. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं, पण ते दुखणं कसं थांबवतं याचा उलगडा व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं आणि ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखतं. या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. मार लागल्यावर ठणका आणि सूज आणण्यात या द्रव्यांचा हात असतो. म्हणून ती कमी झाली की बरं वाटतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन ही सगळी याच घराण्यातली.

पण प्रोस्टाग्लँडिनं दुखवण्यापुरतीच असती तर प्रश्न नव्हता. जठराच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत लेप असतो, ज्याच्यामुळे जठर स्वतःच्याच आम्लाने भाजून निघत नाही, तो लेप राखण्याचं काम हीच द्रव्यं करतात. मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या वाहिन्या मोकळ्या ठेवायलाही तीच लागतात, विशेषतः शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी गुडघ्यापुरती राहत नाही. ती रक्तातून पोटात आणि मूत्रपिंडातही जाऊन तेच करते.

सोबत पित्ताची गोळी घेतली की झालं, ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. तिने जठराचा बचाव बऱ्याच अंशी होतो. मूत्रपिंडाचा मुळीच होत नाही. उलट जळजळ थांबल्याने माणूस निर्धास्त होतो आणि दोनाच्या जागी चार गोळ्या खातो. पोटात झालेली जखम पुष्कळदा दुखतही नाही. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होऊ लागलं की समजावं, आत रक्त जातं आहे. तेव्हा घरी थांबायचं नसतं, थेट दवाखाना गाठायचा असतो.

साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात आणखी एक घोळ हमखास आढळतो. रक्तदाबाची एक गोळी असते, जिच्या औषधी नावाचा शेवट 'प्रिल' किंवा 'सार्टन' असा होतो. तिच्या जोडीला पायावरची सूज उतरवणारी, लघवी जास्त करवणारी दुसरी गोळी असते. या दोन्ही डॉक्टरांनी विचार करून दिलेल्या असतात. मग गुडघ्यासाठी तिसरी शेजारच्यांच्या सांगण्यावरून येते. पहिल्या दोघींमुळे मूत्रपिंडातला रक्ताचा दाब आधीच बेताचा झालेला असतो, तिसरी येऊन आत जाणारा प्रवाह आणखी आवळते. त्यातच जुलाब झाले, किंवा एप्रिलमध्ये नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हात पाणी कमी पडलं, तर चांगलं चालणारं मूत्रपिंड चार दिवसांत बसू शकतं. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, स्लॅबच्या कामावर घाम गाळणाऱ्या तरण्याताठ्या माणसालाही हे लागू आहे. दिवसभर पुरेसं पाणी नाही, आणि संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून डायक्लोफेनॅक. मूत्रपिंडाला याहून वाईट जोडी क्वचितच मिळेल.

डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचं काय करू शकतं, याचा सगळ्यात भयंकर दाखला माणसांचा नाही, गिधाडांचा आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं दिसेनाशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या अभयारण्यात ही घट टिपली. पक्षी माना खाली टाकून झाडांवर बसून राहत आणि तसेच गळून पडत. रोग असेल, विषबाधा असेल, कीटकनाशक असेल, सगळे तर्क झाले. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून कारण शोधलं. शेतकरी लंगडणाऱ्या, तापलेल्या गुराढोरांना डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं देत होते. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद पडत आणि यूरिक ॲसिडचा पांढरा थर आतल्या अवयवांवर साचे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारामागे एक उरलं.

मलबार हिलवर पारशी समाजाच्या दोख्म्यांवर मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याचा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला अंत्यविधी या एका औषधाने अडचणीत आला. खेडोपाडी गावाबाहेर टाकलेली जनावरं सडत पडू लागली. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलीलीटरची एकच मात्रा मावेल एवढी करावी लागली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं औषध हाताशी होतं. २०२३ मध्ये ॲसेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही जनावरांपुरती बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, हे खरं. पण हे औषध कोणत्या अवयवाला हात घालतं, ते गिधाडांनी सगळ्या जगाला दाखवलं, आणि तेच औषध आजही एस.टी. स्टँडसमोर पिवळ्या पाकिटात मिळतं.

हृदयाचाही प्रश्न आहेच. रोफेकॉक्सिब हे या घराण्यातलं नवं औषध १९९९ मध्ये पोटाला सौम्य म्हणून गाजत आलं आणि हृदयविकाराचे झटके वाढतात असं सिद्ध झाल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतलं गेलं. डायक्लोफेनॅकच्या मोठ्या मात्रेतही हा धोका आढळल्याने ब्रिटनने जानेवारी २०१५ पासून त्याच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणं बंद केलं.

आपल्याकडे काय आहे? 'ओव्हर द काउंटर', म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं, असा स्वतंत्र वर्गच भारतीय कायद्यात नाही, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. १९४० चा औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम यांत शेड्यूल एच आहे. त्यात असलेलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. डायक्लोफेनॅक त्यात आहे, मेफेनॅमिक ॲसिड त्यात आहे, निमेसुलाइडही आहे. पट्टीवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसते ती याचीच खूण. याच नियमांत शेड्यूल के आहे. त्यानुसार एक हजारापेक्षा जास्त वस्ती नसलेल्या खेड्यात साध्या किराणा दुकानातही पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या, ग्राइप वॉटर, वेदनाशामक बाम अशी काही घरगुती औषधं ठेवता येतात, तीही मूळ बंद पाकिटात. जिथे डॉक्टर दहा मैलांवर आहे तिथे तापाची गोळी तरी मिळावी, असा त्यामागचा विचार. हा विचार शहाणपणाचा होता. प्रत्यक्षात लाल रेघ आणि साधी पट्टी यांतला फरक काउंटरवर पुसला गेला आहे, आणि त्याचा दोष एकट्या दुकानदाराच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. रोजंदारीवरच्या माणसाने दोन गोळ्यांच्या चिठ्ठीसाठी दिवसाची मजुरी आणि डॉक्टरची फी घालवावी, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून पॅरासिटामॉलकडे वळायला हवं, कारण चिठ्ठीविना घ्यायचंच झालं तर बहुतेकांसाठी पहिली निवड तीच. फिनॅसेटिन शरीरात गेल्यावर मुख्यतः ज्यात बदलतं ते हेच द्रव्य. १९४८ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी अशा जुन्या औषधांची शरीरात होणारी वाट शोधली, तेव्हा पॅरासिटामॉलचं महत्त्व ध्यानात आलं. ठरलेल्या मात्रेत ते पोटाला टोचत नाही आणि रक्त पातळ करत नाही. त्याचा धोका एकाच दिशेने येतो, यकृताच्या. धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. रोज दारू घेणाऱ्या, उपासमार झालेल्या किंवा यकृत आधीच बिघडलेल्या माणसाची मर्यादा याच्याही बरीच खाली असते. मर्यादा ओलांडली की पॅरासिटामॉलपासून तयार होणारं एक विषारी द्रव्य निकामी करण्याची यकृताची ताकद संपते आणि पेशी मरू लागतात. पहिला दिवस फसवा असतो. थोडी मळमळ, उलटी, कधी तर काहीच नाही. यकृताची खरी हानी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघड होते. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उत्तम आहे, पण तो पहिल्या आठ-दहा तासांत मिळाला तरच पुरता लागू पडतो. जास्त गोळ्या गेल्या असं कळलं तर बरं वाटत असतानाच दवाखाना गाठायचा, तो यासाठी.

एवढ्या गोळ्या कोण खातो, असं वाटेल. म्हणून एक साधा हिशेब. पावसाळ्यात एका माणसाला ताप आला. त्याने घरातली ६५० ची तापाची गोळी दिवसातून तीनदा घेतली, झाले १९५०. नाक गळतं म्हणून सर्दीची गोळी तीनदा घेतली. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच, त्यातून १५०० आले. अंग मोडून येतं म्हणून अंगदुखीची गोळी दोनदा. तिच्यात ॲसेक्लोफेनॅकच्या जोडीला ३२५ पॅरासिटामॉल, म्हणजे आणखी ६५०. एकूण ४१००. या माणसाने कुठलीही गोळी जास्त घेतलेली नाही. तीन वेगळ्या आजारांवर तीन वेगळी औषधं घेतली, असंच त्याला वाटतं. पाकिटांवरची नावं वेगळी, रंग वेगळे, जाहिराती वेगळ्या. आतलं औषध तिन्हीकडे एकच.

लहान मुलांच्या बाबतीत ही चूक चमच्यातून होते. मुलाला पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम पुरतं. १२० च्या सिरपचा पाच मिलीलीटरचा एक चमचा म्हणजे नेमकं तेवढं. पण तान्ह्या बाळासाठी जे ड्रॉप्स मिळतात त्यांच्या एका मिलीलीटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. त्याचे १.२ मिलीलीटरच द्यायला हवेत. बाटली छोटी, औषध गुलाबी, ड्रॉपर हरवलेला, रात्रीचे दोन वाजलेले, बाळ तापाने फणफणलेलं. आजी म्हणते, "मागच्या वेळी एक चमचा दिला होता, तेवढाच दे." मागच्या वेळी सिरप होतं, आता ड्रॉप्स आहेत. पाच मिलीलीटर ड्रॉप्समधून ५०० मिलिग्रॅम जातं, चौपटीहून जास्त. बाटलीवर हे छापलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत. कंपाउंडर ड्रॉप्सची प्रत्येक बाटली देताना ड्रॉपरवर रेघ कुठे ते नखाने दाखवत, आणि बाईच्या हाताने एकदा पाणी भरून घेत. लहान मुलांना ॲस्पिरिन मात्र तापात द्यायचं नाही. ऑस्ट्रेलियाचे डग्लस रे यांनी १९६३ मध्ये मेंदू आणि यकृत सुजवणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचं वर्णन केलं. विषाणूच्या तापात ॲस्पिरिन दिलेल्या मुलांत तो आढळतो असं पुढे दिसलं आणि इशारे दिले गेले. अमेरिकेत १९८० मध्ये असे ५५५ रुग्ण नोंदले गेले होते. १९८७ नंतर वर्षाला ३६ च्या वर कधी गेले नाहीत. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारताने २०११ मध्ये बंदी घातली.

महाराष्ट्रात जुलै ते नोव्हेंबर या दिवसांत आलेल्या तापाला आणखी एक अट लागते. तो डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीच नको. डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात आणि ही औषधं उरलेल्या प्लेटलेटचं कामही मंदावतात. हाडं फुटल्यासारखं अंग दुखत असताना जोरदार गोळीचा मोह होतो, आणि नेमका तेव्हाच तो टाळायचा असतो. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि रक्ताची तपासणी. हृदयासाठी रोज लहान ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, कारण ते आधी पोटात गेलं तर ॲस्पिरिनची जागा अडवतं. गरोदरपणी विसाव्या आठवड्यानंतर या घराण्यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

डोकेदुखीची गोष्ट वेगळी. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं, अथवा दहा दिवस कॅफिन वगैरे घातलेली मिश्र गोळी, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. सकाळी उठल्याबरोबर डोकं जड, गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं, संध्याकाळी पुन्हा तेच. शिवणकाम करणाऱ्या, संगणकासमोर बसणाऱ्या कितीतरी बायका याला आपली मायग्रेन समजून वर्षानुवर्षं गोळ्या वाढवत नेतात. गोळी बंद केली की पहिले काही दिवस डोकेदुखी वाढते आणि मग बहुतेकांची उतरते. ते दिवस डॉक्टरांच्या आधाराने काढावे लागतात.

मासिक पाळीच्या दुखण्यासाठी मुली सर्रास मेफेनॅमिक ॲसिड घेतात, आणि एक-दोन दिवसांसाठी ते उपयोगीही आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने इशारा दिला की या औषधाने क्वचित अंगावर पुरळ, ताप, गाठी आणि आतल्या अवयवांची सूज अशी तीव्र प्रतिक्रिया येते, आणि ती गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही उमटू शकते. इतक्या उशिरा आलेल्या पुरळाचा गोळीशी संबंध कुणी जोडत नाही. कोणत्याही औषधाची अशी बाधा सामान्य माणसालाही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येते. हा क्रमांक मेडिकलच्या भिंतीवर लिहिलेला असायला हवा.

गोळ्या गटारात फेकून द्याव्यात, असं या सगळ्यातून कुणी समजू नये. दात दुखत असताना, मुका मार लागलेला असताना, ताप चढलेला असताना गोळी हा मोठाच दिलासा आहे. दुखणं सोसण्यात काही थोरवी नाही. हमालाच्या गुडघ्याला लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम पुष्कळदा पुरतं, आणि त्यातून रक्तात जाणारं औषध गोळीच्या साधारण सहा टक्केच असतं. दुखणं दहा दिवसांपलीकडे किंवा ताप तीन दिवसांपलीकडे गेला, तर मात्र शोध दुखण्याच्या कारणाचा घ्यावा लागतो. ओझं उचलायची पद्धत, पोत्याचं वजन, फडातली पाण्याची सोय, कामाच्या पाळीची लांबी या गोष्टी कोणत्याही पट्टीवर छापलेल्या नसतात. रोज सकाळी सातला गोळी लागणारी माणसं एकाच कारखान्यातली, एकाच यार्डातली असतील, तर तो प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर सुटणार नाही. हुस्कवार्नालाही तो तिथे सुटला नव्हता.

काउंटरवर करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती कात्रीशी संबंधित आहे. दहाच्या पट्टीतून दोन गोळ्या कापल्या की बऱ्याचदा नाव, मात्रा आणि मुदत दुकानातल्या तुकड्यावर राहतात, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात जातात ते दोन निनावी चंदेरी फुगवटे. पुढच्या वेळी तेच मागायचं तर रंगावरून मागावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलं होतं?" तर उत्तर येतं, "पांढरी, लांबट." आज जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. पूर्ण पट्टीचा मागचा भाग, जिथे औषधाचं खरं नाव असतं, त्याचा फोटो कापण्याआधी काढून घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

कंपाउंडरांच्या काळी मोबाइल नव्हता. त्यांच्या दुकानात जुन्या वहीच्या कागदांची पाकिटं असत, मुलं सुट्टीत खळ लावून चिकटवायची. कापलेल्या गोळ्या त्या पाकिटात घालायच्या आणि वर शाईने लिहायचं. त्यांतलं एक पाकीट गावातल्या एका घरात देवघराच्या खणात अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, गोळ्या केव्हाच संपल्या आहेत, अक्षर मात्र स्वच्छ वाचता येतं. 'पॅरासिटामॉल ५००. जेवून एक. पुन्हा लागली तर सहा तासांनी. सर्दीची गोळी चालू असेल तर आधी येऊन विचारणे.'